डिसेंबरात जन्मलेला मुलगा आणि पहिलीचा वर्ग

प्रश्न : आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. माझा मुलगा यंदा जूनमध्ये पहिलीत गेला; येत्या डिसेंबरअखेर तो सहा वर्षांचा होईल. दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी मला बोलावून सांगितले, की तो जागेवर बसत नाही, मध्येच उठून खिडकीशी जातो, लिहायला घेतलेले अर्धवट सोडतो. शाळेच्या समुपदेशकांनी एक प्रश्नावली भरून घेतली, ‘एडीएचडी असण्याची शक्यता’ (म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) असा शेरा दिला आणि एका खासगी केंद्राचे नाव सुचवले. त्या केंद्राने मुलाला न पाहताच, फोनवर, सहा महिन्यांच्या थेरपीचे पॅकेज सांगितले. घरात प्रत्येकाचे मत वेगळे आहे. नणंद म्हणतात, साखर, गहू आणि दूध बंद कर, महिन्यात फरक दिसेल. सासूबाई म्हणतात, त्याचा बापही असाच होता. यांना भीती वाटते, की औषध सुरू झाले तर मूल गुंगीत राहील. मुलाचे जेवण हा तर आमच्याकडे रोजचा वाद आहे. सकाळी चॉकलेट पावडर घातलेले दूध आणि दोन बिस्किटे, डब्यात जॅम-पोळी किंवा नूडल्स, त्यातले निम्मे परत येते, दुपारी मोबाइल समोर ठेवून वरणभात भरवते, संध्याकाळी वेफर्स, रात्री नीट जेवला नाही की पुन्हा दूध. आम्ही शाकाहारी आहोत, अंडेही चालत नाही. दिवसात तीन मोठे पेले दूध तरी पोटात जाते, एवढेच समाधान. हे हिंजवडीहून साडेनऊला येतात, त्यामुळे त्याला झोपायला अकरा वाजतात, आणि सकाळी सहाला उठवावे लागते. सर्दी तर कायमचीच, रात्री घोरतो. त्याला खरोखर काही झाले आहे का, की माझेच चुकते आहे? शाळेला काय सांगू?
— एक आई

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तुम्ही अगदी सुरुवातीला, सहज लिहून गेला आहात, आणि ती म्हणजे मुलाच्या जन्माचा महिना. आपल्या राज्यात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला पहिलीत प्रवेश मिळतो. त्यामुळे जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तुमचा मुलगा साडेपाच वर्षांचा होता आणि त्याच्याच बाकावर बसलेला जानेवारीतला मुलगा जवळजवळ साडेसहाचा होता. मोठ्या माणसांत अकरा महिन्यांचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. या वयात मात्र तो आजवरच्या आयुष्याच्या सहाव्या हिश्श्याइतका असतो. पेन्सिल धरणाऱ्या बोटांतली ताकद, चौकटीच्या वहीत अक्षर बसवणे, पस्तीस मिनिटांच्या तासात शरीर आवरून धरणे, सूचना पूर्ण होईपर्यंत थांबणे, या सगळ्यांत तो फरक दिसतो. बाईंसमोर मात्र चाळीस मुलांचा एकच वर्ग असतो, एकच पुस्तक असते, आणि त्या वर्गातले सर्वांत लहान मूल सर्वांत चंचल वाटावे यात नवल काहीच नाही.

हा माझा अंदाज नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची सीमारेषा आपल्यासारखीच ३१ डिसेंबरची आहे. तेथील नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात असे दिसले, की जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचे निदान होण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी अधिक होते, आणि मुलींमध्ये तर ते ७० टक्क्यांनी अधिक होते. अमेरिकेत ज्या राज्यांत १ सप्टेंबर ही सीमारेषा आहे, तेथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांबाबत २०१८ साली असाच निष्कर्ष निघाला. जन्माचा महिना बदलल्याने मेंदूचा विकार जडत नाही, तेव्हा या जास्तीच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना त्यांच्या कोवळ्या वयापायी निदान चिकटले, असेच म्हणावे लागते. मला या गोष्टीची मनापासून चिंता वाटते, कारण पाच-साडेपाच वर्षांच्या मुलाला एकदा नाव चिकटले, की पुढच्या इयत्तेतील बाईंकडे ते त्याच्या आधी पोचते.

समुपदेशकांनी भरून घेतलेल्या प्रश्नावलीचे नेमके स्थानही समजून घ्या. ती चाळणी आहे, निदान नाही. एडीएचडी ओळखण्यासाठी रक्ताची तपासणी नाही की मेंदूचा फोटो नाही. सगळी भिस्त बारकाईने घेतलेल्या माहितीवर असते. आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात त्या, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार मुलांमध्ये लक्ष न लागण्याची किंवा अतिचंचलतेची किमान सहा लक्षणे असावी लागतात, ती सहा महिने टिकलेली असावी लागतात, त्या वयाला न शोभण्याइतकी असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांच्यामुळे मुलाचे रोजचे जगणे खरोखर अडावे लागते. शिवाय ती दुसऱ्या कशामुळे तर होत नाहीत ना, हे पाहणे डॉक्टरांचे कर्तव्य असते. मुलाला न पाहता फोनवर पॅकेज सांगणाऱ्या केंद्राने यातले काय तपासले? त्यांना नम्रपणे नकार द्या आणि आगाऊ रक्कम मुळीच भरू नका.

आता ‘दुसरे काही’ शोधू या, कारण तुमच्या पत्रात त्याच्या खुणा भरपूर आहेत.

कायमची सर्दी आणि घोरणे या दोन गोष्टी तुम्ही शेवटी एका ओळीत उरकल्या आहेत. मी त्या सर्वांत आधी घेईन. या वयात नाकाच्या मागे असलेल्या ॲडेनॉइड नावाच्या ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढलेले असले, की मूल तोंडाने श्वास घेते, घोरते आणि त्याची झोप रात्रभर तुटत राहते. झोप अपुरी झालेले मोठे माणूस पेंगते, लहान मूल मात्र उलट अधिक वळवळते, चिडते, एका जागी ठरत नाही. त्याच ग्रंथींमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येऊ शकते. बहिरेपणा म्हणावा इतके ते नसते, पण पंखा चालू असलेल्या, गलबल्याच्या वर्गात मागच्या बाकावरून बाईंचे अर्धे वाक्य हरवते, आणि ज्याला अर्धेच ऐकू येते तो मुलगा खिडकीशी जातो. म्हणून या आठवड्यातच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, ऐकण्याची तपासणी करून घ्या, आणि डोळेही तपासून घ्या. जाण्यापूर्वी तो झोपेत श्वास घेतानाचे एक-दोन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर करून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

त्यातच अकराला झोपून सहाला उठणारा तुमचा मुलगा जेमतेम सात तास झोपतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, आणि सहाच्या आतल्या मुलांना त्याहूनही जास्त. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले ते मुलांच्या अपुऱ्या झोपेमुळेच. तरीही अनेक शाळांची वेळ आहे तशीच आहे. व्हॅनची वेळ तुमच्या हाती नाही, रात्रीची आहे. बाबांची भेट व्हावी म्हणून मुलाला जागे ठेवण्यामागची माया मला समजते, पण ती भेट सकाळी बूट घालताना आणि शनिवार-रविवारी होऊ द्या. मुलगा साडेआठला अंथरुणात असलाच पाहिजे, आणि तो एकदम अकरावरून साडेआठवर येणार नाही, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पाव तास अलीकडे आणा.

आता जेवणाकडे वळते. नणंदबाईंचा हेतू चांगला आहे, पण साखरेने मुले चंचल होतात ही समजूत तपासणीत टिकलेली नाही. १९९५ साली तोवरचे सगळे चांगले प्रयोग एकत्र करून पाहण्यात आले, आणि साखरेचा वागण्यावर परिणाम आढळला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी झालेला एक प्रयोग तर प्रत्येक आई-वडिलांना सांगण्यासारखा आहे. पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांना बिनसाखरेचे गोड पेय दिले गेले आणि निम्म्या आयांना सांगितले गेले, की त्यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपला मुलगा अधिक चंचल वाटला. इतकेच नव्हे, तर त्या त्याच्या अधिक जवळ घुटमळल्या आणि त्याला अधिक टोकत राहिल्या. आपण जे नाव मनात धरून मुलाकडे पाहतो ते आपल्या वागण्यात कसे उतरते, हे त्यातून दिसते. साखर कमी करावीच, पण दातांसाठी, वजनासाठी आणि मुख्यतः ती दुसऱ्या अन्नाची जागा अडवते म्हणून. गहू आणि दूध पूर्ण बंद करणे तर या मुलासाठी घातक ठरेल. आधीच मोजके खाणाऱ्या, शाकाहारी मुलाच्या ताटातून आणखी दोन वस्तू काढल्या तर उरेल काय? कृत्रिम रंगांबद्दल मात्र थोडे तथ्य आहे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे २००७ साली झालेल्या अभ्यासात काही रंग आणि सोडियम बेंझोएट हे पदार्थ टिकवणारे रसायन यांच्या मिश्रणाने मुलांची चंचलता किंचित वाढलेली दिसली, आणि २०१० पासून युरोपीय संघाने असे रंग असलेल्या पदार्थांवर इशारा छापणे बंधनकारक केले. त्यांतले टार्ट्राझीन आणि सनसेट यलो आपल्याकडच्या रंगीत गोळ्यांत आणि पेयांत चालतात. परिणाम लहान आहे, पण त्या वस्तूंवाचून मुलाचे अडतही नाही, तेव्हा त्या आणूच नका.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या समाधानाची, म्हणजे त्या तीन मोठ्या पेल्यांची. दुधात लोह जवळजवळ नसते, त्यातील कॅल्शियम दुसऱ्या अन्नातले लोह शोषू देत नाही, आणि पाऊण लिटर दुधाने पोट भरलेले मूल भाजी-पोळीकडे पाहत नाही. लोहाची कमतरता आपल्याकडे किती सर्रास आहे ते पाहा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या देशभरातील मुलांपैकी २४ टक्क्यांमध्ये. लोह कमी असलेले मूल लवकर थकते, चिडचिडे होते, त्याचे लक्ष टिकत नाही, झोपेत पाय हलवत राहते, आणि हे सारे कधीकधी हिमोग्लोबिन उतरण्याच्या आधीच सुरू होते. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. ही तपासणी सर्दी-ताप नसताना करा, कारण संसर्गात फेरिटिन वाढलेले दिसते आणि कमतरता झाकली जाते. लोहाचे औषध मात्र डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिल्याशिवाय देऊ नका, आणि बाटली मुलाच्या हाती लागू देऊ नका. जास्त मात्रा लहान मुलांना विषारी ठरते. जंतांची गोळी शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास देतात, ती चुकली असेल तर विचारून घ्या.

तुम्ही शाकाहारी आहात म्हणून ब-१२ जीवनसत्त्वही पाहायला हवे. या विषयात पुण्याइतके काम फार थोड्या शहरांत झाले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि के.ई.एम. रुग्णालयातील त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा करत आहेत, आणि तेथील बहुतांश गरोदर स्त्रियांमध्ये ब-१२ कमी आढळले. पुढे त्यांतील काही मुले नऊ वर्षांची झाल्यावर असे दिसले, की गरोदरपणी ज्यांच्या आयांचे ब-१२ फार कमी होते ती मुले लक्ष टिकवण्याच्या आणि तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत काहीशी मागे पडली. यावरून तुमच्या मुलाचे निदान होत नाही, पण एक साधी रक्ततपासणी करण्याइतके कारण नक्कीच मिळते. तुमच्या घरात ब-१२ चा स्रोत दूध-दहीच असल्याने दूध बंद न करता दिवसाला दीड पेल्यावर आणा आणि एक वाटी दही-ताक जेवणासोबत द्या. कॅल्शियम कमी पडेल ही भीती नको. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधात सुमारे एकशेवीस. चॉकलेटची पावडर सोडवा. तिच्यात निम्म्याच्या आसपास साखर असू शकते, डब्याच्या मागे छापलेले आकडे स्वतः वाचा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली विकू नका असे बजावले होते.

डब्याकडे मी जरा बारकाईने पाहते. सकाळी सहा वाजता, अर्धवट झोपेत, कोणतेही मूल भरपूर खात नाही, त्यामुळे त्याचा खरा नाश्ता तो डबाच आहे, आणि तो निम्मा परत येतो म्हणजे दुपारी एकपर्यंत मुलगा जवळपास उपाशी असतो. उपाशी मुलाने तिसऱ्या तासाला स्थिर बसावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. मधल्या सुट्टीचा वेळ थोडा असतो, झाकण उघडण्यात आणि गप्पांत त्यातला अर्धा जातो, म्हणून दोन घासांत संपेल आणि हाताला चिकटणार नाही असे द्या. बोटाएवढे कापलेले थालीपीठ, शेंगदाणे घालून लिंबू पिळलेले पोहे, नाचणीचे छोटे डोसे, मेथीचे ठेपले आणि त्यांत शेंगदाण्याची चटणी, सोबत राजगिऱ्याचा लाडू. लिंबू पिळणे विसरू नका. आंबटातले क जीवनसत्त्व धान्या-भाजीतले लोह अंगी लागायला मदत करते, आणि आता मंडईत आवळे आणि पेरू दोन्ही भरपूर आहेत. मोड आलेल्या मटकीची उसळ, तुळशीबागेत मिळणाऱ्या साध्या लोखंडी कढईत केलेली पालेभाजी, अळिवाची खीर यांनी लोह वाढते. गुळावर फार भिस्त ठेवू नका, तो मुख्यतः साखरच आहे. कुणी कौतुकाने त्याच्यापुढे चहाची बशी धरत असेल तर ते बंद करा, कारण जेवणाच्या आसपासचा चहा लोह अडवतो.

मोबाइल समोर ठेवून भरवणे थांबवायला तुम्हाला त्रास होईल, पण ते करायलाच हवे, कारण पडद्याकडे पाहत गिळणाऱ्या मुलाला आपली भूक आणि आपले पोट भरणे कळेनासे होते. ताटात थोडे वाढा, घरातले कुणीतरी त्याच्यासोबत तेच जेवत बसा, त्याच्या हाताने खाऊ द्या, आणि अर्ध्या तासाने ताट काहीही न बोलता उचला. त्यानंतर दूध नाही, वेफर्स नाहीत, पुढच्या वेळेपर्यंत पाणी. पहिले चार-पाच दिवस तो कमी खाईल. आजींनी त्या काळात मागून बिस्किट देऊ नये, एवढे त्यांना विश्वासात घेऊन आधीच सांगा. तुमचे काही चुकते आहे का, असे तुम्ही विचारले आहे. दमून, एकटीने, उपाशी मूल शाळेत जाऊ नये म्हणून तुम्ही हे मार्ग काढलेत, आणि त्यासाठी मी तुम्हाला दोष देणार नाही.

शाळेला लेखी उत्तर द्या. कान, डोळे, रक्त आणि घोरणे यांची तपासणी सुरू आहे, झोप आणि डबा बदलत आहोत, आणि विकासविषयक बालरोगतज्ज्ञांचे मत मिळेपर्यंत मुलाच्या नोंदपत्रावर कोणत्याही निदानाचे नाव लिहू नये, अशी विनंती करा. बाईंशी मात्र समोरासमोर बोला, त्या तुमच्या विरोधात नाहीत. त्याला पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवता येईल का, एका वेळी एकच सूचना देता येईल का, वह्या वाटण्यासारखे उठून करायचे काम देता येईल का, हे विचारा. आणि वर्गातल्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या इतर मुलांशी तुलना केली तर तो कसा वाटतो, हेही विचारा. या प्रश्नाचे उत्तर शंभर प्रश्नावल्यांपेक्षा उपयोगी पडेल.

एवढे सगळे करूनही पहिली संपताना घरी आणि शाळेत दोन्हीकडे तीच अडचण राहिली, किंवा तो धोका न ओळखता रस्त्यावर धावतो, मित्र टिकत नाहीत असे दिसले, तर मूल्यमापन टाळू नका. धोक्याचे वागणे दिसत असेल तर तेव्हापर्यंत थांबूही नका. एडीएचडी हा खरा विकार आहे, आणि तो असताना ‘मुले अशीच असतात’ म्हणत वर्षे घालवलेल्या मुलांना आळशी, वांड, बेशिस्त अशी कितीतरी नावे सोसावी लागतात. मोबाइलवर तासभर बसतो म्हणजे त्याला हा त्रास नाही, असाही निष्कर्ष काढू नका. आवडत्या गोष्टीत ही मुले रमतात. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयात मुलांच्या विकासासाठी वेगळे केंद्र आहे, ससून रुग्णालयात कमी खर्चात मानसोपचारतज्ज्ञांना भेटता येते. जाताना सासूबाईंनाही सोबत न्या. हा विकार घराण्यात उतरतो, आणि तुमच्या यजमानांच्या लहानपणाबद्दल त्या जे सांगतील ते डॉक्टरांना ऐकायचे असते.

औषधाबद्दल तुमच्या यजमानांना सांगा, की सहा वर्षांच्या आतील मुलांसाठी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१९ चे मार्गदर्शनही आई-वडिलांना मुलाशी कसे वागावे याचे प्रशिक्षण देण्यापासूनच सुरुवात करायला सांगते. पुढे कधी औषध लागलेच, तर सर्वाधिक वापरले जाणारे मेथिलफेनिडेट हे गुंगीचे औषध नाही. योग्य मात्रेत मूल पेंगत नाही. त्याने भूक मात्र कमी होते आणि झोप लांबू शकते, म्हणून सकाळचे खाणे गोळीच्या आधी द्यावे लागते आणि प्रत्येक भेटीत उंची-वजन लिहून ठेवावे लागते. तुमच्या मुलाची आजची उंची आणि वजन मात्र आत्ताच, बालरोगतज्ज्ञांकडच्या जुन्या फाइलमधल्या आलेखावर नोंदवून घ्या.